लेबल म्हणजे पुरावा नव्हे!

न्यायालयात मुद्देमालाचे पुडके उघडले जाते तेव्हा त्यावर काय लिहिले आहे एवढ्यावर कोणताही जागरूक वकील समाधान मानत नाही. सील कोणी लावले, पंचनामा केव्हा झाला, तपासणीला गेलेला नमुना तोच होता काय, हे तो विचारतोच. कारण त्यावर एखाद्याचे स्वातंत्र्य अवलंबून असते. मग हेच प्रश्न प्रयोगशाळेतल्या बाटलीला का विचारले जाऊ नयेत? तेथे तर असंख्य रुग्णांची नजर पणाला लागलेली असते!

काचबिंदूचेच उदाहरण घ्या. मोतीबिंदू काढला की दिसू लागते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. माझी आई रोज रात्री डोळ्यांत थेंब घालते आणि दर तपासणीला डॉक्टरांना तोच प्रश्न विचारते, "गेलेलं येईल का हो?" डॉक्टर सांगतात, उरलेले सांभाळायचे. यामागचे कारण डोळ्याच्या पडद्यात आहे. त्या पडद्यात, म्हणजे रेटिनात, दहा लाखांच्या आसपास गँग्लिऑन पेशी असतात. त्यांचेच धागे एकत्र येऊन डोळ्याची नस बनते आणि पाहिलेले मेंदूपर्यंत जाते. काचबिंदूत या पेशी मरतात व पुन्हा उगवत नाहीत. थेंब, लेझर, शस्त्रक्रिया या साऱ्यांचा भर डोळ्यातील दाब उतरवण्यावर आहे. पेशीलाच थेट वाचवील असे मान्यताप्राप्त औषध अजून नाही.

ते शोधायचे तर पेशी हाताशी हवी. जिवंत माणसाच्या डोळ्यातून ती काढता येत नाही. प्राण्याच्या डोळ्यातून काढली तर ती वाढत नाही, थोडे दिवस जगते. म्हणून न थांबता वाढणाऱ्या पेशींचा वंश, ज्याला सेल लाइन म्हणतात, संशोधकांना हवा होता. २००१ साली अमेरिकेतील टेक्सासच्या संशोधकांनी तो जाहीर केला. नाव आरजीसी-५. रॅट म्हणजे मोठ्या उंदराच्या नवजात पिल्लांच्या रेटिनातून घेतलेली गँग्लिऑन पेशी, असे तिचे वर्णन होते. जगभरच्या प्रयोगशाळांनी ती आनंदाने मागवली. तिच्यावर दोनशेहून अधिक शोधनिबंध छापले गेले.

२००९ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तिचा डीएनए तपासला. ती रॅटची नव्हतीच! ती माउसची, म्हणजे लहान उंदराची निघाली आणि गँग्लिऑन पेशीची खास ओळखचिन्हेही तिच्यात सापडली नाहीत. पुढे २०१३ साली मूळ शोध लावणाऱ्या रघू कृष्णमूर्ती यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच छडा लावून निष्कर्ष छापला: आरजीसी-५ म्हणून जी वाढवली गेली ती ६६१डब्ल्यू नावाची दुसरीच पेशी आहे. ही ६६१डब्ल्यू माउसच्या रेटिनातील गाठीपासून तयार झालेली, प्रकाश टिपणाऱ्या शंकुपेशींच्या वर्गातली म्हणून ओळखली जात होती. या निबंधाच्या शीर्षकातच 'फॉरेन्सिक' हा शब्द आहे. वकील म्हणून मला तो फार आवडला.

येथे मी त्या संशोधकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणार नाही. आपलीच चूक आपल्याच नावाने छापणारी माणसे किती असतात? काचबिंदूवर औषध मिळाले नाही याचे सारे खापर या एका बाटलीवर फोडणे हाही अतिरेक ठरेल. माझा आक्षेप इतरांवर आहे. इतक्या प्रयोगशाळांपैकी बहुतेकांनी बाटली उघडण्यापूर्वी एक साधी तपासणी का केली नाही? इशारा तर १९६६ सालीच मिळाला होता! हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या, १९५१ साली तिला न विचारता घेतलेल्या पेशी वेगवेगळ्या नावांच्या बाटल्यांत शिरल्या आहेत, हे स्टॅनली गार्टलर यांनी तेव्हाच दाखवून दिले होते. तरी नावावरचा विश्वास सुटला नाही. मोठ्या प्रयोगशाळेतून आली, मोठ्या नियतकालिकात छापली, मग खरीच असणार! यालाच पोथीनिष्ठा म्हणतात. ती प्रयोगशाळेचा पांढरा कोट घालूनही वावरते.

अर्थात खरी ओळख कळली की तीच पेशी उपयोगाचीही ठरू शकते. २०१७ साली हैदराबादच्या सीसीएमबीतील संशोधकांनी ६६१डब्ल्यू पेशीत गँग्लिऑनच्या पूर्वपेशीसारखे गुण दिसतात आणि काचबिंदूशी संबंधित ऑप्टिन्युरिन जनुकातील बिघाडाने ती मरते, असे मांडले. म्हणजे हा खटला अजून पूर्ण निकाली निघालेला नाही. आता तर रुग्णाच्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींपासून मूळपेशी करून त्यातून मानवी गँग्लिऑन पेशी घडवता येतात. तेथे ओळखीबरोबरच संमतीचाही कागद लागेल.

आरजीसी-५ वरचे जुने निबंध ग्रंथालयांत आहेतच. नवा विद्यार्थी ते वाचतो, त्यांचे दाखले देतो. त्याच्या मार्गदर्शकाने त्याला हा इतिहास पहिल्याच दिवशी सांगावा. शेजारच्या प्रयोगशाळेच्या फ्रीजरमधून ओळखीने बाटली आणण्याची सवय मोडावी. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये पेशींचे राष्ट्रीय भांडार आहे, तेथून घ्यावी व घेतल्यावरही तपासावी. जनतेच्या पैशातून अनुदान देणाऱ्यांनी या तपासणीचा खर्च अनुदानातच धरावा आणि ओळखीचा दाखला जोडल्याशिवाय पहिला हप्ता सोडू नये.