न विचारलेला प्रश्न

नैराश्यावरील गोळ्या रुग्ण अर्ध्यावर का सोडतात, याचे ‘बरे वाटू लागले म्हणून’ हे ठरीव उत्तर अपुरे आहे. फ्लुओक्सेटिन, सेरट्रालिन, पॅरोक्सेटिन यांसारख्या औषधांनी मनावरचा भार उतरतो; परंतु त्याच वेळी कित्येकांची कामेच्छा मंदावते, पुरुषांत स्खलन लांबते वा होतच नाही, स्त्रियांना कामतृप्ती दुर्लभ होते. हा परिणाम इतका हमखास, की याच कुळातील डॅपोक्सेटिन शीघ्रपतनावर दिले जाते!

फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा हा उपद्रव किरकोळ भासला होता. १९९७ साली स्पेनमधील ३४४ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. आपण होऊन तक्रार करणारे १४ टक्के होते. डॉक्टरांनी थेट विचारताच हा आकडा ५८ टक्क्यांवर गेला. गोळ्या त्याच, रुग्ण तेच. फरक काय तो प्रश्नाचा.

आपल्याकडे तो प्रश्न विचारावा तरी कोठे? बाह्यरुग्ण विभागात पाठीमागे रांग, शेजारी सासू किंवा थोरला मुलगा, दार उघडे. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले, त्यालाही आता शतक होत आले. तरी विवाहिता हा विषय काढील तर तिच्या शीलाविषयीच शंका घेतली जाते. मग ती बोलत नाही; गुपचूप गोळी बंद करते. औषध असे एकाएकी तोडल्यास चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश यांचा त्रास होऊ शकतो आणि मूळ आजारही उलटतो. घरचे मात्र तिलाच बेजबाबदार ठरवितात.

वस्तुतः उपाय आहेत. मात्रा कमी करता येते. ब्युप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिन यांसारखे, हा त्रास तुलनेने कमी असलेले औषध देता येते. अर्थात हे डॉक्टरांच्याच सल्ल्याने. काहींचा त्रास औषध थांबविल्यावरही टिकतो, हे माहितीपत्रकात नोंदवावे, असे युरोपीय औषध संस्थेने २०१९ मध्ये सुचविले. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही संमतीपूर्वी उपचाराचे धोके व पर्याय रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगणे आवश्यक मानले आहे.

नैराश्यानेही कामेच्छा ओसरते, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच पहिली गोळी लिहून देण्यापूर्वी, नातेवाइकांना क्षणभर बाहेर बसवून, पूर्वस्थिती विचारून कागदावर नोंदविली पाहिजे. पुढच्या भेटीत तीच नोंद काढून पुन्हा विचारण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत.