वहीपूजनानंतरची वही

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढ्यांतून, दुकानांतून आणि आता अनेक घरांतूनही नव्या वह्या पाटावर मांडल्या जातात. पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक रेखले जाते, शुभ आणि लाभ लिहिले जाते, वहीला फूल वाहिले जाते. हिशेबाच्या वहीला ज्या समाजाने पूजेत स्थान दिले, त्याने हिशेब ठेवणे हे कर्तव्यच मानले होते. परंतु नव्याने व्यवसायात उतरलेल्या आपल्या कित्येक तरुणांची वही चार महिन्यांनी उघडून पाहावी, तर आठ-दहा पाने भरलेली आणि पुढची कोरी आढळतात. पूजा यथासांग झालेली असते. लिहिणे तेवढे राहून गेलेले असते.

मराठी माणूस धंद्यात पडत नाही, ही तक्रार आता जुनी झाली. नोकरी सोडून छोटा कारखाना काढणारे अभियंते, घरगुती खाद्यपदार्थांचा व्यवसाय नेटाने वाढविणाऱ्या गृहिणी, गावात राहून दुग्धप्रक्रियेत उतरणारे शेतकरीपुत्र आज ठिकठिकाणी दिसतात. उणीव धाडसाची नाही. मात्र या धाडसामागे जो पैसा उभा असतो, त्याचे स्वरूप आपण नीट ओळखले पाहिजे. तो कोणा धनाढ्य गुंतवणूकदाराचा नसतो. तो वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीचा असतो, आईच्या दागिन्यांचा असतो, राहत्या घराच्या तारणावर उचललेला असतो. असा व्यवसाय बंद पडतो तेव्हा केवळ एक दुकान बंद होत नाही, एका कुटुंबाचे म्हातारपण उघड्यावर येते. म्हणूनच या तरुणांना आज प्रेरणेच्या भाषणांपेक्षा अंकगणिताची गरज अधिक आहे.

व्यवसाय तोट्याने बुडतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात नफ्यात चाललेला व्यवसायही बुडू शकतो. समजा, एका तरुणाने सुट्या भागांची छोटी कार्यशाळा काढली. महिन्याला २ लाखांचे काम होते. कच्चा माल, मजुरी, वीज, भाडे धरून खर्च १ लाख ७० हजार. म्हणजे कागदावर दरमहा ३० हजारांचा नफा. पहिल्या महिन्याचा माल महिनाअखेरीस पोहोचता झाला आणि ग्राहकाने तीन महिन्यांनी पैसे देण्याचे ठरविले. म्हणजे पहिला रुपया हाती येणार चौथ्या महिन्याच्या अखेरीस. तोवर या तरुणाच्या खिशातून ६ लाख ८० हजार रुपये गेलेले असतात. वहीत १ लाख २० हजारांचा नफा आणि बँकेत खडखडाट, अशी ही अवस्था! त्यातच काम दुप्पट मिळाले, तर आनंदाने पेढे वाटण्यापूर्वी खर्चाची रक्कमही दुप्पट लागणार आहे, हे ध्यानात घ्यावे लागते. काम वाढले म्हणून अडचणीत आलेले उद्योजक थोडे नाहीत.

यास्तव प्रारंभीच काही पथ्ये पाळणे आवश्यक ठरते. पहिले पथ्य, घर आणि व्यवसाय यांची बँकखाती वेगळी असावीत. गल्ल्यातून भाजी आणि घरखर्चातून कच्चा माल, असा व्यवहार सुरू झाला की धंदा चालतो आहे की घर धंद्याला पोसते आहे, हे कोणालाच कळेनासे होते. मालकाने स्वतःसाठी, थोडा का होईना, ठराविक पगार लावून घ्यावा आणि त्यातच भागवावे. दुसरे पथ्य किंमत ठरविण्याचे. चकली-लाडवांचा व्यवसाय करणारी गृहिणी पीठ, तेल, गॅस यांचा खर्च धरते. परंतु स्वतःच्या आठ तासांच्या श्रमाचे मोल, घरातील खोलीचे भाडे, मोडलेला-खराब झालेला माल आणि यंत्राची झीज हिशेबात धरत नाही. मग शेजारच्यापेक्षा स्वस्त देण्याच्या समाधानात ती फुकट राबते. ज्या दिवशी कामाला माणूस ठेवावा लागतो, त्या दिवशी तो भाव कोलमडतो. तिसरे पथ्य कराचे. ग्राहकाकडून घेतलेला वस्तू व सेवा कर हा आपला पैसा नव्हे. तो शासनाचा पैसा आपल्याकडे ठेवीदाखल आहे. तो पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवावा.

भांडवलाच्या बाबतीतही सबुरी हवी. सारा पैसा यंत्रे, फर्निचर आणि उद्घाटन समारंभात घालून महिन्याभराच्या खर्चासाठी उसनवारी करणारे नवउद्योजक आपण पाहतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात प्रारंभ केला तो सायकलच्या दुकानाने. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर आला. तो नांगरही शेतकऱ्यांनी लगेच स्वीकारला नाही. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती १९१० साली, म्हणजे पहिल्या दुकानानंतर सुमारे दोन तपांनी. उत्तम वस्तूलाही बाजारात रुजायला वेळ लागतो आणि तेवढा काळ तग धरण्याची सोय करून ठेवावी लागते, हा त्यातला धडा आहे. गिरगावात १९५९ साली सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. सुरुवात लहान असली की चुकाही लहान होतात आणि त्या सुधारता येतात. आमच्या मते निदान सहा महिन्यांचा खर्च हाताशी राखून मगच नोकरीचा राजीनामा द्यावा. त्याआधी नातेवाईक व मित्र यांच्याबाहेरचे, पूर्ण भावाने वस्तू घेणारे काही ग्राहक मिळालेले असावेत.

मुद्रा योजनेतून २०१५ पासून छोट्या व्यवसायांना विनातारण कर्ज मिळू लागले. तिचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र कर्ज म्हणजे अनुदान नव्हे, हप्ता ठरल्या तारखेला द्यावयाचा आहे. एकल मालकीच्या अथवा साध्या भागीदारीच्या व्यवसायात धंद्याचे देणे मालकाच्या खाजगी मालमत्तेवरही येते, ही गोष्ट घरातील सर्वांना आधी सांगितलेली असावी. किती रक्कम बुडाली तर थांबायचे, हा आकडा आरंभीच, डोके शांत असताना, लिहून ठेवावा. भागीदार बालपणीचा मित्र असला तरी करारपत्र करावे आणि संस्थेची नोंदणी करावी. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातील हक्कासाठी न्यायालयात दावा लावता येत नाही. मैत्री टिकावी म्हणूनच कागद करावयाचा असतो.

आता सर्वांत नाजूक विषय, उधारीचा. सुशिक्षित मराठी घरात पैसे मागणे हे हलकेपणाचे लक्षण मानण्याचा संस्कार आहे. काम चोख करावे, बिल द्यावे आणि समोरचा सज्जन असेल तर देईलच, अशी आपली धारणा. ही भीड व्यवसायाला महाग पडते. काम घेतानाच दर, मुदत आणि आगाऊ रक्कम लेखी ठरवावी, माल दिल्याची सही घ्यावी, बिल त्याच दिवशी पाठवावे आणि मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी नम्रपणे, पण न चुकता आठवण द्यावी. कायदाही येथे पाठीशी आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगविषयक कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे अथवा सेवा पुरविणाऱ्याचे पैसे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते आणि राज्य शासनाच्या परिषदेकडे दाद मागता येते. २०२३ साली प्राप्तिकर कायद्यातही तरतूद आली, की असे देणे मुदतीत दिले नाही, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट मिळत नाही. या संरक्षणासाठी लागणारी ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य आहे आणि ती माल पुरविण्यापूर्वीच केलेली असावी. मोठ्या ग्राहकाविरुद्ध तक्रार करायला छोटा उद्योजक कचरतो, हे आम्ही जाणतो. पण आपला हक्क माहीत असलेला माणूस बोलणी करतानाही ताठ बसतो.

येथवर उद्योजकांना सांगितले. थोडे आपण वाचकांनी, कार्यकर्त्यांनी स्वतःलाही सांगितले पाहिजे. आपल्या माणसाचे दुकान म्हणून आपण तेथे आवर्जून जातो, आणि आपल्याच माणसाचे म्हणून सवलत मागतो, पैसे पुढच्या महिन्यावर ढकलतो. कार्यक्रमाचा मंडप, छपाई, भोजन यांची बिले ‘घरचेच आहे’ म्हणून सर्वांत शेवटी चुकती होतात. परक्याला रोख आणि आपल्याला उधार, ही आपुलकी कसली? नव्या उद्योजकाचा सत्कार करून शाल-श्रीफळ देण्यापेक्षा त्याचे बिल वेळेवर देणे, हे त्याला दिलेले खरे प्रोत्साहन होय. शालीने कामगाराचा पगार भागत नाही.

व्यवसाय ही कुटुंबाच्या विश्वासावर चाललेली गोष्ट आहे आणि तो विश्वास रोजच्या रोज लिहिलेल्या आकड्यांतून टिकतो. रात्री दुकानाचे दार ओढून घेतल्यावर पंधरा मिनिटे वहीला द्यावीत: आज काय आले, काय गेले, कोणाकडून किती येणे आहे, कोणाचे किती देणे आहे. येत्या लक्ष्मीपूजनाला नवी वही पाटावर मांडताना शेजारी जुनीही ठेवावी, शेवटच्या पानापर्यंत भरलेली.