दिवा लागलाय, पण रेकॉर्डिंग चाललंय का?

गणपतीसाठी पाच दिवस गावी गेलेले कुटुंब घरी परतते. कडी उचकटलेली, कपाट सताड उघडे. रडारड होते, शेजारी जमतात, पोलिसांना फोन जातो. तेवढ्यात थोरल्या मुलाला आठवते, "अरे, आपले कॅमेरे आहेत की!" सगळे टीव्हीसमोर गोळा होतात. पडद्यावर चारही चित्रे स्वच्छ दिसत असतात: फाटक, अंगण, जिना, मागचे दार. मुलगा मागच्या तारखा शोधू लागतो आणि रकान्यामागून रकाना रिकामा निघतो. शेवटचे रेकॉर्डिंग मे महिन्यातले. तेव्हापासून यंत्र नुसते दाखवत होते, साठवत काहीच नव्हते.

अशी वेळ कोणाही घरावर येऊ शकते. कारण अगदी साधे आहे. कॅमेऱ्याचे चित्र पडद्यावर दाखवणे हे एक काम आणि ते हार्ड डिस्कवर लिहून ठेवणे हे दुसरे. डिस्क बंद पडली तरी पहिले काम सुरूच राहते. पुढचा दिवाही लागलेला असतो. घरातली मंडळी येता-जाता पडद्याकडे बघतात आणि निर्धास्त होतात.

व्हीसीआरच्या काळात ही चूक त्याच रात्री कळायची. कॅसेट हाताने घालावी लागे, हाताने काढावी लागे, आणि मालिकेऐवजी मुंग्या दिसल्या की घरभर आरडाओरडा व्हायचा. तो जमाना संपला. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. आता घराघरांत जो रेकॉर्डर आला आहे, तो म्हणजे सीसीटीव्हीचा डीव्हीआर. त्याला कॅसेट नाही, म्हणून त्याला महिनोन्महिने कोणी हातही लावत नाही. बसवणारा तासाभरात बसवून, मोबाइलवर चित्र दाखवून, पैसे घेऊन जातो. त्यानंतर यंत्र आणि घर यांची गाठ पडते ती संकटाच्या दिवशीच.

किती दिवसांचे साठते?

डीव्हीआर घेताना पुष्कळांच्या लक्षात येत नाही, की हार्ड डिस्क बहुधा वेगळी घ्यावी लागते. बिलावर तिचे नाव, क्षमता आणि हमीचा काळ स्वतंत्र लिहून घ्यावा. संगणकातली साधी डिस्क इथे चालते, पण टिकेलच असे नाही. हे काम रात्रंदिवस लिहिण्याचे असते आणि त्यासाठी वेगळ्या डिस्क मिळतात. थोडे पैसे वाचवायला जुनी डिस्क बसवणे म्हणजे तिजोरी घेऊन तिला खिळ्याची कडी लावण्यासारखे.

दुकानात 'महिनाभराचे रेकॉर्डिंग राहते' असे सहज सांगितले जाते. हिशेब घरीच करून पाहावा. एका कॅमेऱ्याचे चित्र सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने साठवले, तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांचे झाले ८६.४ जीबी. म्हणजे १ टीबीची, अर्थात १,००० जीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते. भरल्यावर यंत्र थांबत नाही, सर्वांत जुने पुसून त्यावर नवे लिहीत जाते. महिनाभर यात्रेला जाणाऱ्या आजी-आजोबांच्या घराला त्यामुळे १ टीबी पुरणार नाही. एक तर डिस्क मोठी हवी, नाही तर हालचाल झाली तेवढेच नोंदवण्याची सोय लावावी. ही सोय चांगली, मात्र कॅमेऱ्यासमोर जास्वंदीची फांदी हलत असेल, तर यंत्राच्या दृष्टीने तीही हालचालच.

यंत्र सारखे 'टीं टीं' करू लागले तर ते काही तरी सांगत असते, बहुतेकदा डिस्कविषयीच. आवाजाचा त्रास होतो म्हणून मेकॅनिकला बोलवायचे आणि त्याने मेनूमध्ये जाऊन आवाजच बंद करून द्यायचा, हा प्रकार सर्रास चालतो. तापमापक फोडल्याने ताप उतरत नाही. डिस्क दिसत नसेल तर आधी यंत्र नीट बंद करून तारा घट्ट आहेत का ते जाणकाराकडून पाहून घ्यावे. 'फॉरमॅट करा' असे पडद्यावर आले आणि डिस्क नवीन असेल तर हरकत नाही. पण जुन्या डिस्कबाबत तसे आले तर होकाराचे बटण दाबू नये, सगळे मागचे पुसले जाईल.

घड्याळाची गंमत तर निराळीच. वीज गेली की तारीख मागे जात असेल, तर आतला छोटा, नाण्यासारखा सेल संपलेला असतो. तो काही रुपयांत बदलून मिळतो. वेळ नेमकी अडीच तास पुढे दिसत असेल, तर सेलचा दोष नाही. यंत्र कारखान्यातून बीजिंगच्या वेळेवर आले आहे आणि बसवणाऱ्याने तसेच ठेवले आहे. हाताने काटे फिरवले तरी इंटरनेट जोडलेले असल्यास ते पुन्हा अडीच तास पुढे जाते. मेनूमधला देशाचा वेळविभाग ५ तास ३० मिनिटे असा केला, की कायमचे काम होते.

दिवसा सुरू, रात्री बंद

ही तक्रार फार ऐकू येते. दिवसा कॅमेरा ठणठणीत, अंधार पडला की चित्र जाते किंवा थरथरते. घरचे म्हणतात, कॅमेरा खराब. पुष्कळदा कॅमेरा बराच असतो, त्याचा अ‍ॅडॅप्टर कमी पडतो. रात्री कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे पेटतात आणि वीज जास्त लागते. स्वस्तातला अ‍ॅडॅप्टर किंवा लांबवर नेलेली बारीक तार तेवढी वीज पोहोचवू शकत नाही. चित्र पांढुरके, धुके पडल्यासारखे दिसत असेल, तर दुसराच उपाय: काचेवरचे कोळ्याचे जाळे पुसावे. त्या दिव्यांमुळे कॅमेऱ्याजवळ किडे येतात आणि किड्यांमागे कोळी येतो. पावसाळ्यात हे काम दर आठवड्याला निघते.

अ‍ॅडॅप्टर बदलताना जुन्यावरचे आकडे वाचावेत. व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा थोडे जास्त चालतील, कमी नकोत. बीआयएसचे चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसलेला अ‍ॅडॅप्टर घेऊच नये. ही वस्तू चोवीस तास प्लगला लागलेली असते, घरात कोणी नसतानाही.

खरा धोका मात्र त्या जाळीदार पत्र्याच्या पेटीत आहे. चार किंवा आठ कॅमेऱ्यांना एकत्र वीज देण्यासाठी ती बसवतात आणि अनेक घरांत ती माळ्यावर नाही तर बुटांच्या कपाटात नुसतीच ठेवलेली असते. तिच्या एका कडेला स्क्रूंची रांग असते. त्यांतल्या काही स्क्रूंवर थेट २३० व्होल्ट असतात आणि त्यांवर झाकण असतेच असे नाही. लहान मुलाचे बोट तिथे सहज पोहोचते. पालही पोहोचते आणि मग शॉर्टसर्किट होते. ही पेटी बंद डब्यात, उंचावर, आणि अर्थिंगची तार जोडूनच बसवायला हवी. बसवणारा "काही होत नाही हो" म्हणाला तरी इथे हट्ट धरावा. स्क्रू घट्ट करायचे काम मेन स्विच बंद केल्याशिवाय कोणीही करू नये.

रेकॉर्डर स्वतः तापणारे यंत्र आहे. त्यावर क्रोशाचा रुमाल, फुलदाणी, वर्तमानपत्रांची चळत नको. देवघराखालच्या कप्प्यात ते ठेवण्याची हौसही नको. वरून तेल ठिबकते आणि आत हवा खेळत नाही. विजा कडाडू लागल्या की टीव्हीप्रमाणे याचाही प्लग काढतात. पण गच्चीवरच्या कॅमेऱ्याची केबल जोडलेलीच राहिली, तर विजेचा झटका तिकडून आत येऊ शकतो. वादळ डोक्यावर असताना केबल काढायला मात्र जाऊ नये. आकाश भरून आले की आधीच काढावी.

घराची दुसरी किल्ली

कारखान्याने दिलेला पासवर्ड न बदलणे म्हणजे कुलूप लावून किल्ली तिथेच लोंबकळत ठेवणे. २०१६ साली 'मिराई' नावाचे एक सॉफ्टवेअर जगभर फिरले. ते फारसे चलाख नव्हते. कारखान्यांतून येणाऱ्या नेहमीच्या नावा-पासवर्डांच्या साठेक जोड्या ते एकामागून एक लावून बघत असे. तेवढ्यावर जगभरातले लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर त्याच्या ताब्यात गेले, मालकांना पत्ताही लागला नाही. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांचा मारा 'डिन' या अमेरिकन कंपनीवर झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास अनेकांना उघडेनात. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या तीन तरुणांनी डिसेंबर २०१७ मध्ये गुन्हा कबूल केला.

आपल्याकडची घटना याहून जवळची आणि जास्त क्लेशकारक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातमधल्या राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील स्त्रियांच्या तपासणीची चित्रे बाहेर विकली जात असल्याचे उघड झाले. कोणीतरी बाहेरून कॅमेऱ्यांच्या यंत्रणेत शिरले होते. एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या कॅमेऱ्यांना सुरक्षिततेची सरकारी चाचणी सक्तीची झाली, हे चांगलेच झाले. पण त्याआधी बसवलेले यंत्र तेच राहते, आणि पासवर्ड तर घरच्यांनीच बदलायचा असतो. बसवणारा गेला, की त्याच संध्याकाळी बदलावा. त्याच्या मोबाइलवर आपल्या घराचे चित्र राहिले आहे का, हेही मेनूतल्या वापरकर्त्यांच्या यादीत पाहावे. विचारायला संकोच वाटतो खरा, पण स्वयंपाकघरात दिसणारी सून किंवा लेक त्या मोबाइलवर दिसत असेल, तर संकोच कसला धरायचा?

आणि मुळात घराच्या आत कॅमेरा हवाच का, हे घरातल्या सर्वांना विचारूनच ठरवावे. राहत्या भागात सहनिवाशांच्या संमतीशिवाय कॅमेरे लावणे हा त्यांच्या खासगीपणाचा भंग आहे, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये भावाभावांच्या एका वादात ठरवले. त्याविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. सासूच्या खोलीत 'काळजीपोटी' लावलेल्या कॅमेऱ्याबद्दल सासूचे म्हणणे काय, हे बहुतेक घरांत कोणी विचारलेले नसते.

चोरी झालीच तर

तर पहिल्या दिवशीच रेकॉर्डिंगची नक्कल काढायला हवी, कारण साडेअकरा दिवसांचे गणित थांबत नाही. पंचनामा, जबाब, नातेवाइकांचे फोन यांत आठवडा निघून जातो आणि यंत्र निमूटपणे चोराचे चित्र पुसून टाकते. नक्कल पेनड्राइव्हवर काढावी. पडद्याचे मोबाइलवर घेतलेले चित्रण पोलिसांना माग काढायला उपयोगी पडते, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नये. त्या क्षणी यंत्राचे घड्याळ किती दाखवत होते आणि खरी वेळ काय होती, तेही कागदावर लिहून ठेवावे.

ही वेळेची बाब किती मोठी होऊ शकते, ते जालन्याच्या खटल्यात दिसले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचे उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या आत आले की नंतर, हा वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ रेकॉर्डिंग पुरावा म्हणून पुढे आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की अशा रेकॉर्डिंगची नक्कल सादर करायची तर कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र सोबत हवे. मूळ यंत्रच मालकाने न्यायालयात आणून दाखवले तर ते लागत नाही. तेव्हा ही तरतूद पुरावा कायद्याच्या ६५-ब या कलमात होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे ६३ वे कलम लागू झाले. त्यातल्या प्रमाणपत्राचा एक भाग नक्कल सादर करणाऱ्याने भरायचा असतो आणि दुसरा तज्ज्ञाने.

म्हणून पोलिसांनी डीव्हीआर किंवा डिस्क नेली तर पंचनाम्यात तिचा क्रमांक नोंदवून घ्यावा. नेली नाही तर ती डिस्क काढून जपून ठेवावी आणि यंत्रात दुसरी बसवावी. जुनीच पुन्हा वापरायचा मोह होतो. तो खर्च वाचवण्याच्या नादात पुसले जाईल ते पुन्हा मिळणार नाही.