न्हाणीतला बंब : ठेवावा की काढावा?

दिवाळीच्या आधी घरातली तांब्यापितळेची भांडी उजळायला निघाली, की आमच्या डिचोलीच्या घरात गेली काही वर्षे एक वाद हटकून उपस्थित होत असे. न्हाणीतला तांब्याचा बंब ठेवावा की मोडीत घालावा? चिरंजीवांचे म्हणणे, गीझर घ्या आणि या धुराच्या कारखान्याला एकदाचा निरोप द्या. माझे म्हणणे, बंब अजून उत्तम चालतो आहे आणि चालती वस्तू घराबाहेर काढणे हा संसारातला शहाणपणा नव्हे. यंदा तो वाद मिटला. मात्र तो ज्या रीतीने मिटला तीत माझ्या शहाणपणाचा वाटा फारच थोडा होता, आणि म्हणूनच ती हकीकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. बेळगाव, बडोदे, इंदूरकडील जुन्या मराठी घरांतही असा एखादा बंब कोपऱ्यात उभा असणारच.

आमच्या पेडणे-डिचोलीकडे मुळात न्हाणीत असे ते भाण. मातीच्या किंवा चिऱ्याच्या चुलीत कायमचे बसवलेले, तांब्याचे मोठे, अरुंद तोंडाचे भांडे. बंब हा त्यामानाने नागर. आमचा बंब वडिलांनी १९७२ साली बेळगावहून आणला. मधोमध वरपर्यंत गेलेली नळी, तिच्या तळाशी जाळी, नळीभोवती पाणी आणि एका बाजूला थंड पाणी ओतण्याचे नसराळे. या नसराळ्याची नळी थेट बुडापर्यंत जाते आणि पाणी बाहेर पडण्याची तोटी असते वरच्या अंगाला. एक तांब्या थंड पाणी घालावे, तेव्हा एक तांब्या ऊन पाणी बाहेर येते. त्यामुळे बंब कधी रिकामा होत नाही आणि रिकाम्या बंबाखाली जाळ राहून त्याचे डाग सुटत नाहीत. ज्या बंबांना तोटी खाली बसवलेली असते ते घाईगर्दीत कोरडे होतात आणि मग तांबटाचे दार गाठावे लागते. गंमत अशी की, ज्या विजेच्या गीझरपायी हा सारा वाद, त्याच्या टाकीतही थंड पाणी खालून शिरते आणि ऊन पाणी वरून ढकलले जाते. आमचा तांबट शंभर वर्षांपूर्वीच तेथवर पोचला होता, असे मी चिरंजीवांना ऐकवीत असे.

माझ्या बाजूला पुरावेही होते. बंबाला जळण विकत आणावे लागत नाही. सोडणे, करवंट्या, चुडते, पोयी हे सारे परसातच पडते. शिवाय २०२१ सालच्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आले, तेव्हा झाडे आणि खांब कोसळून गोव्यात कितीतरी ठिकाणी अनेक दिवस वीज नव्हती. करोनाचा तो काळ. बाहेरून आले की आंघोळ केल्यावाचून घरात पाऊल टाकायचे नाही, असा दंडक. शेजारच्या दोन घरांतील माणसे त्या दिवसांत आमच्या बंबावरून बादल्या भरून नेत होती. आणि नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान? आदल्या संध्याकाळी चिंचेने घासून लखलखीत केलेल्या बंबाला झेंडूची माळ घालायची, पहाटे कारीट फोडायचे आणि मग भिंतीवर टांगलेल्या पांढऱ्या पिंपाखाली बसून न्हायचे? हा शेवटचा मुद्दा मी नेहमी थोडा आवाज चढवून मांडीत असे.

श्रावणातल्या एका सकाळी हे व्याख्यान चालू असता गृहिणीने पोळपाटावरून मान वर न करता विचारले, "अहो, हा बंब तुम्ही शेवटचा कधी पेटवलात?"

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र आठवेना. दिवाळीत माळ घालण्याचे काम माझे, पेटवण्याचे नव्हे. आधी आई पेटवी, नंतर ही. लाज वाटून, आणि थोडे हट्टानेही, पुढचे आठ दिवस मी तो पेटवला.

पहाटे पाचला उठून पहिल्या दिवशी मी जे शिकलो ते असे की, श्रावणातले सोडण पेटत नाही, ते फक्त धुमसते. पावसाळाभर पुरेल इतके जळण वैशाखातच वाळवून मांगरात रचून ठेवावे लागते, हे काम दरवर्षी कोणी करीत होते, याचा मला पत्ताच नव्हता. जाळ धरेपर्यंत नळीच्या तोंडाशी तोंड नेऊन फुंकावे लागते आणि तो धूर कोणाच्या डोळ्यांत व छातीत जातो हे वेगळे सांगायला नको. पाणी कडकडीत व्हायला पाऊण तास. तेवढ्यात तीनदा जळण सारायचे. पाचव्या दिवशी मला खोकला सुरू झाला. माझा खोकला मध, आले घेऊन दोन दिवसांत थांबला. तिचा मात्र तीन पावसाळे जात नव्हता. डॉक्टरांनी तिला दोनदा "घरात धूर होतो का?" असे विचारले होते आणि तिने "फारसा नाही" असे उत्तर दिले होते. ते का, हे तिने मला सांगितले नाही. मीही विचारले नाही.

बंब चालतो आहे, असे मी वर्षानुवर्षे म्हणत आलो. वस्तुतः तो चालत नव्हता, तो चालवला जात होता.

जळण फुकट, हेही पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. माडावर चढणारा पाडेली मिळणे दुरापास्त झाले आहे. नारळ पडले तरच सोडण. पेडण्याकडे तर भोवतालच बदलला. मोपाच्या पठारावर विमानतळ झाला, २०२३ च्या जानेवारीपासून तेथे विमाने उतरू लागली, आसपासच्या जमिनींना भाव आले आणि ज्या कुळागरांतून व भरडांतून लाकूडफाटा मिळे त्यांतली कित्येक कुंपणाआड गेली. पेडण्याच्या आमच्या एका नातलगांकडे आता बंबासाठी काजूची लाकडे टेंपोने विकत येतात. मग फुकटचा बंब तो कोणता?

असो. आता हिशेबाकडे वळू. वीस लिटरची एक बादली पाणी पंधरा अंशांनी तापवायला तीनशे किलोकॅलरी उष्णता लागते, म्हणजे विजेचे सुमारे ०.३५ युनिट. आमच्या घरी रोज पाच बादल्या. तेव्हा पावणेदोन युनिटे, आणि टाकीतून वाया जाणारी उष्णता धरून दोन. महिन्याला साठ. आपापल्या बिलावरील दराने गुणून पाहावे. आकडा वाटतो तितका भयंकर निघत नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडे थंडीत पाणीच पंधरा अंशांवर असते, तेथे हाच खर्च सहज दीडपट-पावणेदोनपट होईल. गॅसवर हेच पाणी तापवले तर १४.२ किलोचा सिलिंडर अडीच-पावणेतीन महिने पुरावा. बंबात जळणातली निम्मी उष्णतादेखील पाण्यात उतरत नाही, बरीचशी नळीवाटे आकाशात जाते. पण जळण घरचे असेपर्यंत त्याचे दुःख कोणी केले नव्हते.

थंड देशांत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींपुढे हा प्रश्न निराळ्या रूपात येतो. तेथे बॉयलर सबंध घर सहा-सहा महिने तापवतो. इंग्लंड-वेल्समध्ये १ एप्रिल २००५ पासून नवा गॅस बॉयलर बसवायचा तर, काही अपवाद सोडता, धुरातली वाफ निवळवून तिची उष्णता परत घेणाराच बसवावा लागतो. जुना बॉयलर शंभरातली साठ-सत्तर टक्के उष्णता घराला देत असेल तर नवा नव्वदच्या आसपास देतो, आणि एवढ्या मोठ्या वापरावर तो फरक नव्या यंत्राची किंमत हळूहळू फेडू शकतो. आमच्या पाच बादल्यांवर तसे काही फिटणार नाही. इकडे इंधनाच्या बचतीसाठी बंब काढला असे कोणी सांगू लागल्यास विश्वास ठेवू नये.

चिरंजीवांचा ओढा गॅसच्या गीझरकडे होता. नळ सोडताच ऊन पाणी, विजेची अडचण नाही. येथे मात्र मी अडून बसलो आणि आजही त्यावर ठाम आहे. गॅस कोंडलेल्या जागेत जळू लागला की हवेतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. दार-खिडक्या लावून न्हाणाऱ्या माणसाला भोवळ येते आणि दार आतून बंद असते. अशा मृत्यूंच्या बातम्या दर हिवाळ्यात कोठून ना कोठून येतात. बंबाच्या निखाऱ्यांतूनही तोच वायू निघतो, पण जुनी न्हाणी घरापासून सुटी असे, वर कौले, कौलांखाली हातभर फट. आमची न्हाणी मात्र १९९० च्या सुमारास घरात आली, तिला फरशी लागली आणि स्लॅब पडला. बंब तोच, खोली बदलली. आणि ही गोष्ट इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती. गॅसचा गीझर घ्यायचाच तर तो न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि नळीने पाणी आत आणावे. आमच्याकडे तशी जागा नव्हती.

सूर्यबंबाचाही विचार झाला. आमच्याकडे ऊन पाण्याची खरी निकड असते आषाढ-श्रावणात, आणि सूर्यनारायण नेमके तेव्हाच चार-चार दिवस दर्शन देत नाहीत. शिवाय कौलांवर काचेच्या नळ्या आणि गावात माकडे. ज्यांच्या घरावर सपाट गच्ची आहे त्यांनी जरूर घ्यावा, आठ महिने उत्तम चालेल.

शेवटी पंधरा लिटरचा, दोन किलोवॅटचा विजेचा गीझर घेतला. यंत्रापेक्षा वायरिंगला अधिक वेळ लागला, हे नमूद करायला हवे. आमच्या भागातील बहुतेक खेड्यांत वीज १९६१ नंतर पोचली आणि जुन्या घरांतले वायरिंग दोन-चार दिव्यांच्या बेताचे आहे. गीझरसाठी मुख्य फलकापासून स्वतंत्र जाड तार, सोळा अँपियरचा पॉइंट, नीट अर्थिंग आणि गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच एवढे झाल्यावाचून न्हाणीत वीज नेऊ नये. अर्थिंगची तार नुसती दिसते, पुढे जमिनीत काही नसते, असे आमच्या घरी आढळले! दुसरे, खेड्यात दाब कमी असतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाल्यास गीझरची शक्ती साठ टक्क्यांवर येते. जे पाणी अठरा मिनिटांत तापायचे त्याला अर्धा तास लागतो. यंत्र बिघडले असे समजून दुकानदाराशी भांडू नये. आणि आमच्याकडच्या जांभ्या दगडातील विहिरींचे पाणी बहुधा किंचित आम्ल असते, ते धातू खाते. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, टाकीऐवजी तिने झिजावे म्हणून. ती वर्षाकाठी उघडून पाहावी, असे सांगणारा मेस्त्री मिळाला हे नशीब.

आता बंब. मोडीवाला दारी आला, त्याने काटा काढला आणि तांब्याचा भाव सांगितला. भाव वाईट नव्हता. या वेळी मात्र मी एक शब्दही बोललो नाही, तिच्याकडे पाहिले. "मोडीत नको," ती म्हणाली, "मागच्या पडवीत ठेवा. लाईट जाते तेव्हा लागेल. पण न्हाणीत पुन्हा आणायचा नाही." पडवी तिन्ही बाजूंनी उघडी आहे, धूर माडांत निघून जातो. तांबटाकडून तोटी बदलून आणली, आतला हिरवा कळंक काढून घेतला, खाली चार चिरे मांडून त्यावर बंब बसवला.

गीझर लागल्याला अडीच महिने झाले. तिचा खोकला उणावला आहे. पुरता गेला, असे अजून म्हणवत नाही. गेल्या महिन्यात एकदा रात्रभर वीज नव्हती तेव्हा पहाटे बंब पेटला आणि पाचही बादल्या निघाल्या. यंदाच्या चतुर्दशीलाही तोच पेटणार आहे. माळ नातीकडे गेली आहे आणि पहाटे चारला उठून जाळ करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. करवंट्या मी आतापासूनच उन्हात घातल्या आहेत.