तव्यावरचा कावळा

बारावीच्या 'युवकभारती'त कथा या साहित्यप्रकाराची ओळख आहे आणि तिला जोडून व. पु. काळे यांची 'शोध' आणि प्रतिमा इंगोले यांची 'गढी' या दोन कथा आहेत. वर्गात मात्र बऱ्याचदा क्रम उलटा होतो. कथा वाचून व्हायच्या आधीच कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संघर्ष, संवाद, भाषाशैली ही यादी पाठ झालेली असते. मग उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात एकाच पात्राला सगळीकडे तीच चार विशेषणं चिकटलेली दिसतात. तपासणाऱ्यालाही ती पाठ होतात.

म्हणून घटक शिकवूच नका, मुलांना नुसतं वाचू द्या, असं काही जण म्हणतात. हे बहुधा घरात पुस्तकांचं कपाट असलेल्या माणसांना सुचतं. पाठ्यपुस्तकाबाहेरची कथा जिच्या हाती कधी पडली नाही, त्या मुलीला 'छान आहे'च्या पुढे जायला शब्द लागतात. साठ जणांचा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकालाही धरायला काहीतरी हवंच.

मराठीत हा वाद नवा नाही. ना. सी. फडक्यांनी 1931 मध्ये 'प्रतिभासाधन' लिहिलं. लेखन हे शिकता-शिकवता येणारं तंत्र आहे, हा त्यांचा आग्रह. गुंतागुंत वाढवत न्यायची, उत्कर्षबिंदू गाठायचा, वाचकाला धरून ठेवायचं. पुढे नवकथेनं हे मोडीत काढलं. गंगाधर गाडगीळांच्या कथांत घटना बारीक होत गेल्या आणि मनातली खळबळ मोठी झाली. व्यंकटेश माडगूळकरांच्या 1949 च्या 'माणदेशी माणसं'ला कथा म्हणावं की व्यक्तिचित्रं, हा प्रश्न आजही पडतो. यादी घेऊन बसणाऱ्याला तिथे 'संघर्ष' शोधूनही सापडणार नाही, आणि तो बिचारा ओढूनताणून एक लिहील. पण नवकथेनं नेमकं काय टाकून दिलं, हे तंत्र ठाऊक असणाऱ्यालाच कळतं, हेही खरं.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. या यादीत निवेदकाला, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याला, एकतर शेवटची जागा मिळते किंवा मिळतच नाही. माझ्या मते सुरुवात तिथून करावी, आणि त्यासाठी मोठी कथाही लागत नाही. चिऊ-काऊची गोष्ट पुरते. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून जातं आणि तो मेणाच्या घराचं दार ठोठावतो. आत चिमणी बाळाला न्हाऊ घालते, पुसते, तीट लावते, आणि दर वेळी 'थांब' म्हणते. आपण लहानपणी हे हसत ऐकलं, कारण गोष्ट सांगणारी आजी दाराच्या आत, बाळापाशी बसलेली असते. एकदा सातवीच्या वर्गात मी सांगितलं, हीच गोष्ट कावळ्याच्या तोंडून लिहा. घटना एकही बदलायची नाही.

वहीवर मुंड्या गेल्या. थोड्या वेळानं मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, ''बाई, चिमणी वाईटच आहे की.'' पात्रचित्रण असं फळ्यावर न लिहिता वर्गात आलं. पाऊस आता नुसतं वातावरण राहिला नव्हता, तो अंगावर पडत होता. चिमणीची प्रत्येक सबब ताण वाढवत होती. आता या सगळ्याला नावं सांगायला हरकत नव्हती, आणि मी ती सांगितली. यात दोन तास गेले. अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत ते कुठून काढायचे, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि परीक्षेत यादीला गुण मिळतात तोवर यादी पाठ करणाऱ्या मुलांनाही दोष देता येत नाही.

तास संपता संपता एक मुलगी वही घेऊन आली. तिच्या घरी सांगतात त्या गोष्टीत चिमणी शेवटी दार उघडते, गारठलेला कावळा ऊब घ्यायला तापल्या तव्यावर बसतो आणि मरतो. तिचं लिखाण दार उघडण्यापाशी अडलं होतं.

''बाई, कावळा मेला तर पुढचं सांगणार कोण?''