भीड आणि पारख

ग्वाल्हेरचा मेळा माधवराव शिंदे महाराजांनी १९०५ साली सुरू केला, तो मुळात गुरांचा बाजार. बैल घेणारा शेतकरी आधी त्याचे दात पाही, खूर पाही, त्याला चार पावले चालवी. मगच कनवटीला हात घाली. विकणाऱ्याला त्यात अपमान वाटत नसे.

आज मात्र जुनी मोटार घेताना, ‘ओळखीचा माणूस, विचारावे कसे?’ म्हणून पुष्कळजण वर्षांची शिल्लक डोळे मिटून मोजून देतात. भीड भिकेची बहीण, ही म्हण त्यांना ठाऊक नसते असे नाही!

पारख म्हणजे अविश्वास नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. टायर काळाभोर दिसला तरी त्याचे वय कडेवरच्या चार अंकांत असते: ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सांगाड्यावरील क्रमांक नोंदणीपत्राशी जुळतो काय, कर्जाचा बोजा उतरला आहे काय, हे ताबा घेण्यापूर्वीच पाहावे. नावाचा बदलही लांबवू नये. नोंदणीत ज्याचे नाव, त्याच्यावर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे. तेव्हा चोख व्यवहारात विकणाऱ्याचेही हितच आहे.

वडीलधारी मंडळी बोलणी करीत असता आपण विद्यार्थ्यांनी ते चार अंक मोठ्याने वाचावेत. भीड त्यांना पडते. आपल्याला अजून पडत नाही.