पंचनाम्यात न येणारं लाकूड

सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यात जी अतिवृष्टी झाली, तिचे पंचनामे अजून सर्वांच्या लक्षात आहेत. परंडा, भूम भागात पुराने जमिनी खरडून नेल्या, उभी पिके गेली, जनावरे गेली. त्याची नोंद झाली. घरांच्या पडझडीचीही झाली. पण कागदावर येते ते ‘कच्चे घर, अंशतः पडझड’ एवढेच. प्रत्यक्षात ते कच्चे घर म्हणजे तीन-चार पिढ्यांचे माळवद असते. सागाचे खांब, तुळया, वर किलच, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. भिंत खचली की घरधनी म्हणतो, “आता स्लॅबच टाकू.” त्याचे काही चूक नाही. झडीच्या पावसात माळवदाखाली कोण झोपेल?

मग जुन्या लाकडाचा व्यापारी येतो. चौकट, खांब, ढाळजेतला कोरीव दरवाजा असा सगळा माल टेम्पोत भरून जातो. शहरात त्याचे टेबल होते, नाहीतर हॉटेलच्या दारात शोभेला उभे राहते. विकणाऱ्याला चार पैसे मिळतात, घराला हातभार लागतो. विकू नका असे सांगायचा मला अधिकार नाही. मात्र लाकडाबरोबर आणखी एक गोष्ट जाते आणि तिचा भाव कोणी धरत नाही. खांब कोणी आणला, कोणत्या सुताराने घडवला, चौकटीवरची गणेशपट्टी कोणाच्या लग्नात बसवली, ही माहिती घरातल्या एखाद्या सत्तरीच्या माणसाकडेच असते. वस्तू डोळ्यांसमोर असेपर्यंत ती आठवते. वस्तू गेली की तीही हळूहळू जाते.

हे जपता येते, याचे उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. तेर म्हणजे जुने तगर. सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात त्याचे नाव आहे. पैठणहून आणि तगरहून माल गाड्यांनी भडोचच्या बंदराला जात असे आणि तगरचा माल मुख्यतः कापड होता, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे चाक, कणा, जू घडवणारे सुतार या भागात तेव्हापासून हवेतच! या तेरमध्ये पाऊस पडून गेला की टेकाडांवर मणी, नाणी, भाजलेल्या मातीच्या मूर्ती उघड्या पडत. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जमवल्या. गावातल्या एका माणसाचा हा नाद, पण त्यातून पुढे त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. उत्तरेश्वराच्या विटांच्या प्राचीन मंदिराची कोरीव लाकडी चौकटही तिथे ठेवली आहे. आपल्या हवेत, वाळवीच्या मुलखात लाकूड इतकी शतके टिकते हे अनेकांना खरे वाटत नाही. गोरोबाकाकांच्या दर्शनाला जिल्ह्यातली माणसे तेरला जातातच. त्यातल्या किती जणांनी ही चौकट पाहिली असेल, हा प्रश्न मी ग्रामसभांमधून विचारतो. हात फार वर होत नाहीत.

लाकडाची आठवण म्हटली की उमरगा-लोहारा भागात विषय भूकंपावर जातो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटे. दगडमातीच्या रुंद भिंती कोसळल्या आणि माळवदाच्या मातीखाली माणसे गेली. तेव्हापासून ‘जुने घर म्हणजे मरण’ हे मनात बसले, आणि ते साहजिकच आहे. पण भूकंपानंतर जी पाहणी झाली, तिच्यात एक वेगळी बाब पुढे आली. जिथे छताचा भार भिंतीवर नव्हता, खणाच्या खांब-तुळयांवर होता आणि सांधे मजबूत होते, तिथे भिंत बाहेर पडूनही सांगाडा उभा राहिला, आतली माणसे वाचली. नव्या गावठाणात राहायला गेलेल्यांपैकी काहींनी ढिगाऱ्यातली तुळई, दाराची फळी सोबत नेली. आज ते लाकूड गोठ्याला लावलेले दिसते. घरातल्या नातवंडांना विचारा, ते कुठून आले हे माहीत नसते.

औतांचे तर विचारूच नका. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने वेळ वाचतो, मी स्वतः त्याची शिफारस करतो. पण तिफणीची दिंड, फण, नळ्या, चाडं, रुमणं ही नावे आता शेतकऱ्यांच्याच पोरांना सांगावी लागतात. आमच्या आजोबांची तिफण एका पावसाळ्यात चुलीत गेली. चाडं तेवढं राहिलं, कारण आईने त्यात खडेमीठ ठेवलं होतं. त्याच्या काठाला एका बाजूला खोलगट झीज आहे. चाड्यावर मूठ धरून केलेल्या पेरणीची ती झीज आहे, हे वडिलांनी सांगितले म्हणून कळले. दुसऱ्या कोणाच्या हातात ते जुने भांडेच.

यात शेतीचे शहाणपणही होते. बाभळीचे लाकूड औताला घेण्याआधी महिना-दोन महिने पाण्यात बुडवून ठेवत. म्हातारी माणसे म्हणत, “मुरू द्या, मग किडा धरत नाही.” पाण्यात लाकडातला पिष्टमय अंश निघून जातो, भुंगेऱ्याला खाद्य उरत नाही. आमच्या पदविकेच्या पुस्तकात हे कारण होते, रीत मात्र गावात शिकलो.

पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, दरवाजे पाहायला आपण तिकीट काढून जातो. तेही एका माणसाने दारोदार फिरून जमवलेलेच आहे. प्रत्येक गावाने तसे करावे असे नाही. वापरात नसलेली एखादी खोली आणि १ मे किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एक ठराव, एवढ्यावर सुरुवात होते. तलाठी, ग्रामसेवक (पदांची नावे बदलली तरी गाव हेच म्हणते) आणि आम्ही पंचनाम्याला घरोघर जातोच. त्याच फेरीत म्हाताऱ्यांना चार प्रश्न विचारायला वेगळा निधी लागत नाही. निधीची वाट पाहत बसलो तर मात्र सांगणारी माणसेच राहणार नाहीत.

ज्यांना वस्तू विकायची आहे त्यांनी खुशाल विकावी. आधी फोटो काढावा, घरातल्या वडीलधाऱ्याला शेजारी उभे करून. ज्यांना ठेवायची आहे त्यांनी ती थेट जमिनीवर टेकवू नये, खाली दगड द्यावा, पावसाळ्याआधी जवसाच्या तेलाचा हात फिरवावा. उन्हात तापत ठेवू नये, लाकूड तडकते. वस्तूला चिठ्ठी बांधावी. तीत नाव, गाव, लाकूड कोणते, कशासाठी वापरत, शेवटचे कधी वापरले, हे लिहावे. चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलेली बरी. शाई ओल लागली की पसरते.